मी शाकाहारी आहे असं कुणी सांगितलं?

२०२५ च्या चवथीनंतरची गोष्ट. विसर्जन झालं, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवली, मुंबईचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात नुस्तेकान्न हजर, म्हणजे नुस्तं, मासळी, विकणारी. मी तिला फोन केला नव्हता, निरोप दिला नव्हता, काही नाही. श्रावण लागल्यापासून ही बाई आमच्या फाटकावरून सरळ पुढे जायची, वळून बघायचीसुद्धा नाही, आणि त्या दिवशी मात्र पाटी उतरवून बसलीच. म्हणाली, "बांगडे हाडल्यात गो बाय, ल्हान आसात पूण ताजे." घेतले. तिरफळं घालून हुमण केलं, चार भाजले, पोटभर जेवलो, आणि जेवण झाल्यावर मी फोन उघडून आमच्या त्या हुशार एआय चॅट टूलला म्हटलं की बाबा रे, सुट्टी संपली, शाळा परत सुरू होतेय, आठवडाभराच्या रात्रीच्या जेवणाचं काहीतरी ठरवून दे.

त्याने लगेच दिलं. सोमवारी पनीर, मंगळवारी मशरूम, बुधवारी टोफू. टोफू! आमच्या गावात! आणि वर एक प्रेमळ ओळ, तुम्ही शाकाहारी असल्यामुळे प्रथिनांची विशेष काळजी घेतली आहे.

माझ्या हाताला अजून बांगड्याचा वास येत होता.

मी आधी हसले, मग स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवला, मग विचार करायला लागले की ह्याला हे सांगितलं कुणी. तर मीच. जुलैमध्ये. आपल्याकडे गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते, त्या वर्षी श्रावण २५ जुलैला लागला, म्हणजे बंदी उठून ताजं नुस्तं यायच्या आधीच आमचं बंद. तेव्हा मी टूलला लिहिलं होतं की श्रावणात आम्ही मासे खात नाही, महिनाभर घरात शिवराकच असतं, त्याप्रमाणे जेवणाचं वेळापत्रक करून दे. फार छान करून दिलं होतं हो, खोटं कशाला बोलू, मुगागाठी, खतखतं, तायकिळ्याची भाजी, सगळं माझ्याकडून विचारून विचारून बसवलं. आणि तेव्हाच कधीतरी त्याने आपल्याआपण एक टिपण करून ठेवलं असणार, की ही बाई शाकाहारी. श्रावण गळला, महिना गळला, उरलं काय, तर शाकाहारी.

टूल कुठलं ते सांगत बसत नाही, कारण माझा भाचा म्हणतो की कमीजास्त सगळ्यांचं हेच आहे. भाचा पर्वरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी तो आला तेव्हा मी त्याच्यासमोर फोन आपटला आणि म्हटलं, सांग आता, ह्याची मेमरी सुधारली सुधारली म्हणून तुम्ही लोक नाचत होता ना.

तो म्हणाला, "मावशी, त्याला मेमरी नाहीच आहे."

आता पुढचं मी त्याने सांगितलं तसं लिहिते, पण माझ्या भाषेत, कारण त्याची भाषा निम्मी मला कळली नाही. आतमध्ये जे मॉडेल, म्हणजे उत्तरं लिहिणारं यंत्र, असतं ते एकदा शिकवून झालं की गोठतं. आपण त्याच्याशी बोललो म्हणून त्याच्यात तिथल्या तिथे काही बदलत नाही. तुम्ही विसावा मेसेज टाकता तेव्हा आधीचे एकोणीस मेसेज आणि त्यांची उत्तरं, सगळं परत पहिल्यापासून त्याच्यापुढे ठेवलं जातं, ते सगळं वाचून ते विसावं उत्तर देतं, आणि दिलं की पाटी कोरी. एकविसाव्याला पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला वाटतं गप्पा चालल्यात. त्याच्या बाजूने बघितलं तर दर वेळी कुणीतरी अनोळखी माणूस कागदांचा गठ्ठा हातात देऊन म्हणतोय, हे वाच आणि पुढचं वाक्य बोल.

"म्हणजे प्रॉम्प्टरवर चालणारा नट," मी म्हटलं.

"आपण त्याला जे लिहून देतो त्यालाही प्रॉम्प्टच म्हणतात," भाचा म्हणाला, आणि मी गप्पच झाले, कारण इतकी वर्षं नाटकवाल्या घरात वाढून, दोन वर्षं रोज प्रॉम्प्ट हा शब्द वापरून, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

माझे बाबा प्रॉम्प्टर होते. म्हणजे नोकरी पंचायतीत, पण जत्रेच्या नाटकात प्रॉम्प्टर, पंचवीसेक वर्षं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या आसपास, देवळाची जत्रा किंवा काला झाला की नाटक होतंच, आणि ते मराठीच, घरात कोंकणी बोलणारे सगळे रंगमंचावर चढले की शुद्ध मराठीत गर्जना करतात. नट म्हणजे गावातलेच, कुणी भाटकार म्हणजे जमीनदार, कुणी कदंबच्या बसवर ड्रायव्हर, कुणी भुसारी दुकानवाला. तालमी रात्री जेवणं झाल्यावर. पाठांतराच्या नावाने बोंब. त्यामुळे खरं नाटक विंगेतून चालायचं. बाबा एका लाकडी स्टुलावर बसायचे, टॉर्चला लाल कापड बांधलेलं, मांडीवर वही.

ती वही अजून आमच्याकडे आहे. मोठी, कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. डाव्या पानावर नाटक, बाबांच्या हाताने उतरवून काढलेलं, आणि उजवं पान कोरं सोडलेलं. त्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरे. मी लहानपणी ते वाचायचे तेव्हा मला नाटकापेक्षा तेच आवडायचे. एका ठिकाणी, "पहिले दोन शब्दच द्यावे, पुढचं येतं त्याला." एका ठिकाणी, "हा इथून दोन पानं खातो, तयार राहणे." एका ठिकाणी, "पाणी." नुसतं पाणी. आणि तिसऱ्या अंकात एका लांब स्वगताच्या मध्ये पेन्सिलीने एक गोल, आणि बाजूला, "इथं विसरलेला नाही. घेतोय."

म्हणजे काय, तर तो नट तिथं मुद्दाम थांबायचा. मोठ्ठा पॉज. नवीन प्रॉम्प्टर असता तर त्याला वाटलं असतं हा अडकला, आणि त्याने विंगेतून पुढचं वाक्य फेकलं असतं, आणि त्या पॉजची माती झाली असती. बाबांनी एकदा ती केली होती म्हणे, प्रयोगातच, आणि त्यानंतर तो नट त्यांच्याशी चवथीपर्यंत बोलत नव्हता. त्यानंतरचा तो गोल.

तर मेमरी हे फीचर म्हणजे हे उजवं पान आहे. मॉडेल नट, त्याला बोलायचं कसं ते येतं, कुठलं नाटक चालू आहे ते त्याला माहीत नाही. टूल बनवणारे मधे एक सोय करतात, तुमच्या बोलण्यातून काही गोष्टी टिपून वेगळ्या ठेवायच्या आणि पुढच्या वेळी तुम्ही नवीन चॅट उघडलं की तुमच्या प्रश्नाच्या आधी ती टिपणं गुपचूप जोडून द्यायची. नटाला वाटतं, म्हणजे आपल्याला वाटतं, की त्याला आठवलं. चॅटजीपीटीने हे पहिल्यांदा फेब्रुवारी २०२४ मध्ये थोड्या लोकांना देऊन बघितलं, एप्रिल २०२५ मध्ये पुढची पायरी आली की नुसती टिपणं नाही, जुन्या सगळ्या चॅटमधूनही ते संदर्भ घेणार. जेमिनी, क्लॉड ही दुसऱ्या कंपन्यांची असलीच टूलं, सगळे त्याच वाटेने आले, थोडं पुढेमागे.

पण बाबांनी तो शेरा लिहिला तो एक अख्खी जत्रा घालवून. ह्या टूलने माझ्याबद्दल लिहिलं ते एका वाक्यावरून, तेही अर्धं वाचून. माझी तक्रार विसरण्याबद्दल नाहीचै मुळी, विसरलो म्हटलं असतं तर मी दुसऱ्यांदा सांगितलं असतं, माझं काय जातं. तक्रार ही की शेरा कोण लिहितंय, कशावरून लिहितंय, आणि मला न दाखवता लिहितंय.

न दाखवता म्हणजे तसं दाखवतात, सेटिंगमध्ये. भाच्याने उघडून दिलं. मी आयुष्यात त्या सेटिंगमध्ये गेले नव्हते. आत माझ्याबद्दल तेवीस ओळी होत्या. स्वतःबद्दल असं तिऱ्हाइताने लिहिलेलं वाचणं फार विचित्र वाटतं, तब्येतीची फाईल आपल्याच हातात आल्यासारखं. वापरकर्ती फोंडा तालुक्यात राहते, बरोबर. मराठीची शिक्षिका आहे, बरोबर. शाकाहारी आहे, त्यावर बोलून झालं. वापरकर्तीच्या आईला गुडघेदुखी आहे, नाही, शेजारच्या वहिनींना आहे, मी त्यांच्यासाठी विचारलं होतं, माझी आई अजून विहिरीचं पाणी काढते. आणि मग नववी की दहावी ओळ, वापरकर्ती नवऱ्यापासून वेगळं होण्याचा विचार करत आहे.

मी दोन वेळा वाचली. मग पेटली ट्यूब. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची एकांकिका बसवत होतो, त्यातलं नायिकेचं स्वगत मी तसंच्या तसं पेस्ट करून विचारलं होतं की हे थोडं बोलीभाषेत करून दे. मी आता ह्या घरात राहू शकत नाही, वगैरे. ह्याने ते माझंच धरलं आणि नोंद केली, आणि त्यानंतर चार महिने, आता मला आठवतं, मी काहीही विचारलं, अगदी दहावीच्या निबंधाचे विषय विचारले तरी शेवटी हे टूल मला म्हणायचं, स्वतःचीही काळजी घ्या. मला वाटायचं काय गोड आहे!

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, बरं झालं कळलं.

हे हसण्यावारी गेलं, पण खालून तिसरी ओळ हसण्यासारखी नव्हती. जूनमध्ये मी एका मुलासाठी सोप्या वाचनाच्या कार्डांची मदत घेतली होती, त्याला जोडाक्षरं अडतात, आणि घाईघाईत त्याचं नाव लिहिलं होतं. ओळीत त्याचं नाव, इयत्ता आणि अडचण, तिन्ही. म्हणजे मी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा जे दबक्या आवाजात बोलते ते कुठल्यातरी सर्व्हरवर सुबक अक्षरात. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरलाय आणि मुलांच्या माहितीला पालकांची परवानगी लागते, हे मला नंतर समजलं, पण त्या क्षणी कायदा वगैरे डोक्यात नव्हता, त्या पोराचा चेहरा होता. डिलीट केली. मग ते जूनचं चॅट शोधून तेही डिलीट केलं, कारण भाच्याने बजावलं की चॅट पुसलं म्हणून टिपण पुसलं जातंच असं नाही, आणि टिपण पुसलं तरी चॅट असतंच, दोन्ही वेगळ्या कपाटात. आणि पुसलं म्हणजे तरी काय, २०२५ मध्ये अमेरिकेत एका वर्तमानपत्राच्या खटल्यात कोर्टाने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीला काही महिने लोकांनी डिलीट केलेली चॅट्ससुद्धा राखून ठेवायला लावली होती. म्हणजे कंपनीची इच्छा असो नसो, कोर्ट म्हणालं ठेवा तर ठेवा. तेव्हापासून मुलांची नावं मी लिहीत नाही, आणि असलं काही विचारायचं असेल तर ते तात्पुरत्या चॅटचं बटण असतं ते दाबून विचारते, त्यातून टिपण होत नाही.

बरं, मग मी भाच्याला विचारलं की टिपणं कशाला हवीत, अख्खी वहीच का नाही देत त्याला दर वेळी. सगळी चॅट्स पहिल्यापासून. तर म्हणे तेही चाललंय, पण त्याला मर्यादा आहे. एका वेळी जेवढं त्याच्यापुढे ठेवता येतं त्याला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात, आणि ती मोजतात टोकनमध्ये, टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. २०२० मध्ये चॅटजीपीटीच्या आधीचं मॉडेल जीपीटी-३ आलं तेव्हा ती २,०४८ टोकनची होती, म्हणजे बाबांच्या वहीतला एक प्रवेशसुद्धा मावला नसता. मे २०२३ मध्ये क्लॉडने १ लाखावर नेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने जेमिनीच्या नव्या आवृत्तीसाठी १० लाख जाहीर केली. आणि ह्यात आपल्या देवनागरीवर आणखी एक अन्याय होता, इंग्रजी शब्द बहुतेक एकदोन तुकड्यांत बसतो आणि मराठीचे मात्र बारीक बारीक तुकडे व्हायचे, खिमाच. म्हणजे तीच जागा, पण मराठीत बोललं की लवकर भरणार. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयने स्वतःच उदाहरण दिलं होतं, मराठीतला एकच छोटा परिच्छेद आधी ९६ टोकन घ्यायचा, नव्या पद्धतीत ३३. म्हणजे आधी आपण तिप्पट जागा भरत होतो आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

आणि जागा मोठी झाली म्हणून सगळं नीट वाचलं जातं असंही नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या आणि आणखी काही संशोधकांनी तपासून दाखवलं होतं की लांबलचक मजकूर दिला की मॉडेलना सुरुवातीचं आणि शेवटचं नीट सापडतं आणि मधलं निसटतं. नंतरची मॉडेलं सुधारली असतील, पण मी माझ्यापुरतं करून बघितलं. तीन अंकी नाटक, आमच्याच गावातल्या एका मास्तरांनी लिहिलेलं, कधी छापलं न गेलेलं, सगळं टाईप करून दिलं आणि विचारलं, दुसऱ्या अंकात कंदील कोण विझवतं? पहिल्या अंकातल्या माणसाचं नाव सांगितलं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. दुसरा अंक सगळ्यांचाच लंगडा पडतो म्हणा. प्रेक्षकसुद्धा दुसऱ्या अंकात चणे आणायला उठतात.

जुन्या चॅटमधून शोधण्याचं म्हणाल तर त्याची तऱ्हा अजून वेगळी. तिथं बहुतेक नुसते शब्द जुळवत नाहीत, अर्थ जुळवतात, प्रत्येक मजकुराचे आकड्यांच्या लांबलचक रांगेत रूपांतर करून ठेवतात आणि तुमच्या प्रश्नाची रांग ज्याच्या जवळ जाते ते वर काढतात. म्हणून नुस्तं म्हटलं तरी बांगड्याचं चॅट सापडतं, ही जादू आहे, मानलंच पाहिजे. पण जवळचं म्हणजे आत्ताचं नव्हे. आमच्या नाटकात नायकाचं काम आधी एकाकडे होतं, तो दुबईला गेला, मग दुसऱ्याला दिलं. दोन्ही चॅट्स नायकाबद्दलच, दोन्ही तितकीच जवळ. तालमीचं वेळापत्रक मागितलं की हे टूल दुबईवाल्याला मंगळवारी रात्री नऊला बोलावणार. विंगेत जुनी वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर. चूक एकही नाही वहीत, फक्त गेल्या वर्षीची.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मला रात्रभर पुरली. २०२४ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने चॅटजीपीटीच्या मेमरीत बाहेरून खोट्या नोंदी घुसवून दाखवल्या होत्या. वापरणाऱ्याने काही सांगितलंच नव्हतं, त्याने नुसतं एक कागदपत्र किंवा वेबपान टूलला वाचायला दिलं, त्या मजकुरात लपवलेली सूचना होती, आणि टूलने निमूट नोंद केली की हा माणूस १०२ वर्षांचा आहे आणि पृथ्वी सपाट आहे असं मानतो. म्हणजे विंगेत भलताच कुणी येऊन वहीत पेन्सिलीने लिहून गेला. आता त्यावर बंदोबस्त केलेत म्हणतात, पण मी तेव्हापासून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पीडीएफ टूलला वाचायला दिलं की नंतर एकदा सेटिंगमध्ये डोकावून येते. वेड लागलंय म्हणा हवं तर.

तर मी आता काय करते. मेमरी बंद करून टाक असं शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं, त्या सगळंच बंद करतात. मी बंद नाही केली, कारण कामाची आहे, आमच्या इयत्ता, पाठ्यपुस्तक, माझी शुद्धलेखनाची खोड, हे दर वेळी कोण सांगत बसणार. पण तेवीसमधल्या सोळा ओळी उडवल्या, आणि उरलेल्या पुन्हा माझ्या हाताने लिहून घेतल्या. लिहिताना एक नियम, कधीपासून, कधीपर्यंत आणि कुणासाठी हे त्यात असलंच पाहिजे. नुस्त्याची ओळ सगळ्यात लांब झाली. श्रावणात नाही, सोमवारी नाही, चवथीला विसर्जनापर्यंत नाही, संकष्टीला मी खात नाही पण बाकीचे खातात, एकादशीला सासूबाई नाही, जत्रेच्या दिवशी कुणीच नाही. टूल म्हणालं, समजलं. आणि मग मंगळवारची अंगारकी आली तेव्हा विचारलं की आज संकष्टी मोठी की मंगळवार मोठा. चांगला प्रश्न होता, मलाही घरात विचारावं लागलं.

आणि एक काम मी दिवाळीनंतर काढलंय. बाबांची वही. कागद पिवळा पडलाय, पेन्सिल पुसट होत चाललीय, तर उजव्या पानांवरचे सगळे शेरे मी एका फाईलमध्ये उतरवून घेते आहे, ह्या वर्षी तेच नाटक परत बसवायचं ठरलंय म्हणून. प्रॉम्प्टिंगला भाच्याचा मित्र बसणार, टॅबवर. मी शेरे मोठ्याने वाचते, टूल ते टाईप करतं, अंक-प्रवेश लावून देतं, शुद्धलेखन सुधारायला जातं, मी ओरडते, परत तसंच करतं. "इथं विसरलेला नाही. घेतोय." ह्यावर त्याने मला सुचवलं होतं की हे वाक्य अपूर्ण वाटतं, काय घेतोय ते स्पष्ट करावं.

परवा एक्केचाळिसाव्या पानावर अडले. शेरा आहे, "अ. आला असेल तर इथं दिवा थोडा वर." बस, एवढंच. अ. म्हणजे कोण, नट की प्रेक्षक, आणि तो आला तर दिवा का वर. आईला विचारलं, तिने दोन नावं सांगितली आणि स्वतःच दोन्ही खोडली. तबला वाजवायचे ते काका आहेत अजून, त्यांना फोन केला, ते म्हणाले तुझ्या बाबांचं तेच जाणे. त्या वेळचे बाकी आता कुणी नाहीत.

टूलने विचारलं, ‘अ.’ म्हणजे कोण ते कंसात घालू का? मी लिहिलं, मला माहीत नाही, जसं आहे तसं ठेव. ते म्हणालं, ठीक आहे.

रात्री सवयीने सेटिंगमध्ये डोकावले तर नवीन ओळ होती. वापरकर्तीला ‘अ.’ कोण हे माहीत नाही.